बिनआवाजाचा कॅमेरा

मिलिंद, तुझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड बारा दिवस झाले माझ्याकडे आहे आणि मी ते अजून उघडलेलं नाही. शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय. परवा शर्ट धुवायला टाकताना बायकोने खिसे चाचपले म्हणून वाचलं, नाहीतर तुझी शेवटची सकाळ साबणाच्या पाण्यात गेली असती. तू असतास तर म्हणाला असतास, "विलासच्या हातात कार्ड दिलं ना, झालं मग कल्याण!" मी हसलो असतो, आणि आतून नेहमीसारखा चरकलो असतो. का चरकलो असतो ते तुला सांगायचंय. खरं म्हणजे एकदा सांगून झालंय. पण ते तुझ्यापर्यंत पोचलं की नाही तेच मला कळेना झालंय, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

तुझ्या जलदानविधीला हॉल भरला होता. प्रेसमधले तुझे जुने सोबती आले होते, कॉलनी आली होती, पक्ष्यांच्या ग्रुपमधली पोरंपोरी आली होती. एकेक जण उठून बोलला. एकाने तुला 'निसर्गाचा पुजारी' करून टाकलं. तू तिथे असतास तर त्याच्या हातातला माइकच काढून घेतला असतास. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, तुम्ही बोला म्हणून. मी मान खाली घातली. वीसेक वर्षं तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला माणूस मी, आणि मलाच बोलता येईना. बाहेर येऊन चपला शोधत उभा राहिलो, तर चपला पायातच होत्या.

हल्ली पहाटे आपोआप जाग येते. शनिवार आहे की मंगळवार, ते अंगाला कळत नाही. पडल्यापडल्या मी नाशिक रोडहून निघतो, सायखेड्याचा रस्ता धरतो. थंडी टोचायला लागली की तू काच खाली करतोस. "वास घे," म्हणतोस. कसला वास, तर ओल्या मातीचा, उसाच्या पाचटाचा, कुणाच्यातरी शेकोटीचा. मी कुडकुडत तुला शिव्या घालतो. धुक्यात द्राक्षबागा दिसत नाहीत, नुसते खांब दिसतात, आणि ते खांब आपल्याबरोबर पळत येतायत असं वाटत राहतं. नांदूरमध्यमेश्वरला पोचतो तर पाणी कुठे संपलं आणि धुकं कुठे सुरू झालं, काही पत्ता नसतो. त्या पांढऱ्यात हजारो पक्षी बसलेले असतात. दिसत एकही नाही. थापट्या बदकं चोचीने पाणी चाळतायत, त्याची चुळचुळ तेवढी ऐकू येते.

काठावरच्या त्या बांबूच्या खोपटात आपण बसायचो. मी त्याला हाइड म्हणायचो, तू लपण म्हणायचास, आणि त्यावरून एक अख्खा हिवाळा आपण भांडलो होतो. लपणात बसलं की तू डोळे मिटून ऐकत राहायचास आणि मला हमखास डुलकी लागायची. जाग यायची ती तुझ्या कॅमेऱ्याने. खटॅक. पुन्हा खटॅक. डोळे उघडावेत तर धुकं विरळ झालेलं, पाण्यावर काळे चांदवे पोहत पसरलेले, लांब कुठेतरी करकोचा एका पायावर उभा. अर्धवट झोपेत मला वाटायचं की हे सगळं आधी नव्हतंच, तू बटण दाबलंस तेव्हा आलं. हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाला असतास, "चहा घे, उतरेल."

आपले पहिले कॅमेरे आठवतात? एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे दोन डीएसएलआर. खोक्यांवरचे नंबरही लागोपाठचे निघाले. माझ्या नंबरच्या शेवटी सहा, तुझ्याच्या शेवटी सात. "जुळे झाले रे," म्हणून तू दुकानदाराला पेढे मागितलेस. मी कचेरीतला कारकून, तू छपाईच्या मशीनवरचा माणूस. मी माहितीपुस्तिका वाचून काढली आणि तू कॅमेरा कानाशी धरून चार वेळा बटण दाबलंस. आतला आरसा वर उडतो, खाली येतो, त्याचा आवाज तू ऐकत होतास. "मशीन खणखणीत आहे," म्हणालास. तुझी परीक्षा संपली.

मग मी बदललो. दोन वर्षांपूर्वी मी मिररलेस घेतला आणि तू मला फितूर म्हणालास.

"आरसाच काढून टाकला?"

"काढला."

"मग बघायचं कशात?"

"आत छोटा स्क्रीन असतो. सेन्सरला जे दिसतं ते तो आपल्याला दाखवतो."

"म्हणजे टीव्ही! एवढ्या थंडीत उठून मी इतक्या लांब टीव्ही बघायला येऊ?"

मी तुला दाखवलं की हा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो. पक्षी उडाला तरी चौकट त्याच्या डोळ्यावरून हलत नाही. तू बराच वेळ एका बगळ्यावर कॅमेरा रोखून बसलास, मग माझ्या हातात परत दिलास. "डोळा हा शोधणार, फोकस हा लावणार. मग मी काय करू? चहा ओतू?" मी म्हटलं, ओत, तुझ्या फोटोंपेक्षा तुझा चहा बरा असतो. दोन दिवस तू माझा फोन उचलला नाहीस.

सगळ्यात मोठं भांडण अंधाराचं. ते मिटलंच नाही. तुझं म्हणणं, आरसा वर उडतो तेव्हा डोळ्यांसमोर क्षणभर काळोख होतो. ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तेवढाच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. मी म्हणायचो, अरे मग हीच तर खोट आहे, मिररलेसमध्ये काळोख होत नाही, सलग दिसत राहतं. तर तू हट्टाने म्हणायचास, "खोट कसली? तेवढा एक क्षण तू आणि पक्षी दोघेही एकमेकांना दिसत नाहीत. घरी जाऊन कळतं काय मिळालं ते. तोवर जीव टांगणीला लागतो. ती मजा तू घालवून बसलास." मी कपाळाला हात लावायचो. पण त्या काळोखाबद्दल तू बोलायला लागलास की मला तिथून उठून जावंसं वाटायचं. कारण तुझ्या त्या एका क्षणाच्या काळोखावर माझं सगळं नाव उभं होतं.

आता सांगतोच. पुन्हा सांगतो.

अकरा वर्षांपूर्वीची ती सकाळ. चमच्या पक्ष्यांचा थवा आपल्या लपणापुढे उतरला होता. पांढरेशुभ्र, चमच्यासारखी चपटी चोच, डावी-उजवी हलवत चालले होते. आपण दोघेही वेड्यासारखे बटणं दाबत होतो. तुझं कार्ड भरलं. तू ते काढून माझ्याकडे दिलंस आणि माझ्याकडचं रिकामं कार्ड घेतलंस. मी तुझं कार्ड माझ्या डबीत टाकलं. घरी येऊन डबीतली सगळी कार्डं कॉम्प्युटरवर उतरवली आणि सवयीप्रमाणे लगेच पुसून रिकामी केली. तुझं त्यात होतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. एवढी चूक खरोखरची चूक होती, मिलिंद. हे तेवढं तू मान.

मग त्या ढिगात ती फ्रेम दिसली. चमच्याने पाण्यातून मान झटकून वर काढलीय आणि थेंबांचं अख्खं कडं त्याच्या डोक्याभोवती उभं राहिलंय. एकेक थेंब वेगळा. मी खुर्चीतून उठलो. बायकोला हाक मारली. मला वाटलं मी काढलाय. खरंच वाटलं. मी तो ग्रुपच्या स्पर्धेला पाठवला, पहिला आला, कॅलेंडरवर छापला, पेपरात माझ्या नावासकट आला. शाळाशाळांतून मला बोलवायला लागले. आणि महिन्याभराने तू सहज विचारलंस, "त्या दिवशीचं माझं भरलेलं कार्ड तुझ्याकडेच राहिलं का रे?"

प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेऱ्याचा नंबर लिहिलेला असतो. मी घरी जाऊन बघितलं. शेवटी सात होता.

दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, "सॉरी यार, ते कार्ड माझ्याकडून चुकून फॉरमॅट झालं." तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "जाऊ दे. चार बदकं गेली." आणि माझ्यासाठी चहा ओतलास. एवढंच. त्या चहाचा कप हातात असताना मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तो क्षण आरशाच्या काळोखात गेलेला, तुला आपला फोटो ओळखू येणारच नाही, असं मी धरून चाललो. मग आठवडा गेला, वर्ष गेलं, आणि मग ते सांगण्यासारखं राहिलंच नाही. तुझ्या साठीला तर मी कळस केला. तोच फोटो मोठा करून, फ्रेम करून, खाली कोपऱ्यात माझी सही ठोकून तुला भेट दिला. तू तो हॉलमध्ये लावलास. तुझाच फोटो, तुझ्याच भिंतीवर, माझ्या सहीने! लाज कशाशी खातात ते मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी मी ती घरी ठेवून आलो होतो.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुला ओझं उचलू नको म्हणून सांगितलं. तुझी ती लोखंडी लेन्स, तो कॅमेरा, तो तिपाई स्टँड, आणि तुझं ते हृदय. मी आणि वहिनींनी मिळून तुझ्या मागे भुणभुण लावली आणि दिवाळीला तुला मिररलेस घ्यायला लावला. लेन्सही हलकी घेतली. तू दुकानात तोंड पाडून उभा होतास. मेनू लावायचं काम माझ्याकडे. घड्याळ लावलं, माझ्या कॅमेऱ्याशी सेकंदासकट जुळवलं. मग शटरचा आवाज बंद केला.

"आवाज ठेवता येतो ना?" तू विचारलंस.

"येतो. पण कशाला? पक्षी दचकतात."

"माझे पक्षी कधी दचकले?"

"मिलिंद, हट्ट सोड. एवढ्या पैशाचा कॅमेरा घेतलास तो याच्यासाठीच."

"मला कळत नाही रे, फोटो निघाला की नाही."

"कडेने पांढरी चौकट लुकलुकते, ती बघायची."

तू हात झटकलेस. "कर तुला काय करायचं ते." आणि मी केलं.

त्यानंतर लपण वेगळंच झालं. तू शेजारी आहेस की नाहीस ते कळेना. पूर्वी मी डोळे मिटून सांगायचो, आता तीन काढलेस, आता थांबलास, आता पक्षी जवळ आला. तुझ्या बोटाने मला सगळी बातमी मिळायची. आता नुसतं पाणी आणि नुसतं धुकं. मी मधूनच विचारायचो, "झोपलास का?" तू म्हणायचास, "फोटो काढतोय." कधी कधी तेही म्हणायचा नाहीस. तुझा राग आहे असं समजून मी गप्प बसायचो.

त्या सकाळी धुकं खूप होतं. सूर्य वर आला तरी हटेना, नुसतं पिवळं झालं. आपण त्या पिवळ्यात बसलो होतो आणि मला सारखं वाटत होतं की आपल्याला तिथे बसून काही वर्षं झालीत. मग समोरच्या वाळक्या फांदीवर खंड्या येऊन बसला. निळाजर्द. दोघांनीही काढला. मी तुझं बोट बघत होतो, ते हलत होतं. खंड्या सूर मारून गेला आणि फांदी रिकामी झाली. का कुणास ठाऊक, त्या रिकाम्या फांदीकडे बघता बघता माझ्या तोंडून ते निघालं. समोर बघूनच बोललो. तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती. आणि मी घाबरलो की जसा नेहमी गावाकडच्या बोलीत घुसतो तसा घुसलो.

"मिलिंद, ती चमच्यानी फ्रेम तुनी शे. मनी नही."

तू मला कितीदा चिडवलंयस यावरून. "भ्यायलास की तू थेट नामपूरला पोचतोस," म्हणायचास. त्या दिवशी मी नामपूरच्याही पुढे गेलो होतो. कार्डाचं सांगितलं, साताच्या आकड्याचं सांगितलं, सहीचं सांगितलं. मिनिटभर लागलं असेल. अकरा वर्षांचं मिनिटभरात संपलं. आणि तू काहीच बोलला नाहीस.

मी वाट बघितली. समोरच बघत राहिलो. मला वाटलं, शिवी घालशील. शिवी हवीच होती. मग वाटलं, उठून जाशील. तेवढ्यात डावीकडून शिकारी भोवत्या आला, पाण्यालगत पंख तोलत, आणि सगळी बदकं एकदम उठली. धुक्यात हजार पंखांचा नुसता आवाज. "मिलिंद, भोवत्या!" मी ओरडलो आणि सवयीने कॅमेरा लावून फोटो काढत सुटलो. बदकं पुन्हा खाली बसेपर्यंत काढत होतो. मग तुझ्या खांद्याला हात लावला. तू बांबूला टेकला होतास आणि कॅमेरा तुझ्या मांडीवर होता.

हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असणार, कुणाला काही करता आलं नसतं. सगळे मला तेच सांगतात. मी मान डोलावतो. पण मला वेगळंच विचारायचंय, आणि ते डॉक्टरांना विचारून उपयोग नाही. तू ऐकलंस का? की खंड्याबरोबरच गेलास, आणि मी मिनिटभर रिकाम्या माणसापुढे कबुली देत बसलो? जुना कॅमेरा असता तर मला कळलं असतं. एक जरी खटॅक झालं असतं तरी कळलं असतं. आवाज मी बंद केला होता.

कार्ड मात्र सांगेल. माझ्या कॅमेऱ्यात खंड्याचा शेवटचा फोटो आठ वाजून चार मिनिटांचा आहे. भोवत्याचा पहिला आठ बाराचा. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं मीच जुळवलीत. त्या आठ मिनिटांच्या फटीत मी बोललो, तेही सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतच. त्या फटीत तुझ्या कार्डात काही असेल तर तू होतास. नसेल तर नाही. इतकं सोपं आहे आणि बारा दिवस माझ्याने ते होत नाहीये.

इथवर लिहून थांबलो होतो. काल दुपारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, कार्डात काय आहे ते मला बघायचंय. तुम्ही येता का मी येऊ?" वहिनींचा आवाज तुला माहीत आहे. मी लॅपटॉप घेऊन गेलो.

हॉलमध्ये तो चमच्या होताच. त्याच्याकडे पाठ करून बसता येईल अशी एकच खुर्ची होती, मी ती पकडली. मग वाटलं, हे काही बरोबर नाही. उठून समोरच्या खुर्चीवर बसलो आणि आधी वहिनींना सगळं सांगितलं. कार्ड, सात, सही, अकरा वर्षं. मराठीत सांगितलं, सरळ. त्या पदराशी चाळा करत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी भिंतीकडे बघितलं.

"त्यांना माहीत होतं का?" मी विचारलं.

"मला तरी काही बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी ह्याच्यासमोर चहा घ्यायचे. म्हणायचे, विलासने आयुष्यात एक काम झकास केलं."

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडायला आलं. अरे, असा रडलो की वहिनींनीच मला पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, "फ्रेमवाल्याकडे तुम्ही नेता का मी नेऊ? नाव बदलून आणा. आणि ग्रुपमध्येही सांगा, सगळ्यांसमोर. जलदानविधीला बोलला नाहीत ना, आता बोला." त्यांनी आवाज चढवला नाही. मला तुझी शिवी हवी होती, ती मला त्यांच्याकडून अशी मिळाली. फोटो आता माझ्याकडे आहे, उद्या तुझं नाव घालून परत नेतोय. आणि हे मी लिहितोय ते ग्रुपमध्ये वाचून दाखवणार आहे, एकही शब्द न गाळता.

मग आम्ही कार्ड लावलं.

पहिले काही धुक्याचे होते, नुसते धुक्याचे. तू धुक्याचे इतके फोटो का काढायचास मला कधी कळलं नाही. वहिनी प्रत्येकाजवळ थांबत होत्या, त्या पांढऱ्यात काहीतरी शोधत असल्यासारख्या. एकात पाण्याची बारीक रेघ होती, एकात तीही नव्हती. लॅपटॉपचा तो उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता आणि मला क्षणभर आपण तिघेही लपणात बसलोय असं वाटलं. मग खंड्या आला. बत्तीस फोटो. शेवटचा आठ चारचा, त्यात खंड्या अर्धा चौकटीबाहेर गेलेला. माझं बोट पुढचं बटण दाबेना. वहिनींनी हात पुढे करून दाबलं.

पुढे फोटो होता. आठ वाजून आठ मिनिटं.

मिलिंद, तू होतास. मी तिथेच त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणालो, "होता! वहिनी, होता तो!" त्यांना काय कळलं असेल कुणास ठाऊक. तू ऐकलंस. अख्खं ऐकलंस, अगदी सहीपर्यंत. आणि ऐकून लेका तू एक फोटो काढलास! तो फोटो पाण्याचा नव्हता. पक्ष्याचा नव्हता. कडेला लपणाच्या खिडकीचा बांबू पुसटसा तिरपा दिसत होता, म्हणजे तू लेन्स आत ओढून वळवली होतीस. बाकी सगळा मातकट धूर, आणि त्यात वरच्या बाजूला एक तांबडा डाग. पुढे आणखी एक फोटो होता. मधे नऊ सेकंदं गेली होती. त्यात बांबूही नव्हता, डाग बरोबर मधोमध आला होता. त्यानंतर कार्डात काही नाही. नऊ सेकंदं तू थांबलास, नीट धरलंस आणि पुन्हा दाबलंस. पडणाऱ्या माणसाचं बोट असं थांबत नाही. पण तू हसत होतास की डोळे वटारले होतेस, ते मला या जन्मी कळायचं नाही. मी समोरच्या रिकाम्या फांदीकडे बघत बसलो होतो. खटॅक झालं असतं तर मी वळलो असतो रे.

वहिनी स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

"हे काय आहे, भाऊजी?"

त्या तांबड्या डागावर मी बोट ठेवलं. माझी माकडटोपी. पक्षी बुजतात म्हणून तू जी दर शनिवारी मला काढायला लावायचास आणि मी कधीच काढली नाही, ती.

"मी आहे," मी म्हटलं.

"तुम्ही? ओळखूच येत नाही. इतकं पुसट का आलंय?"

"मी फार जवळ होतो, वहिनी. एवढ्या जवळचं त्या लेन्सला दिसत नाही."